ज्या इंग्रजीला साक्षीदार नव्हता

एटापल्लीला तहसील कचेरीच्या समोर बाबूभाईंचं पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर ‘इंग्रजी अर्ज’ एवढंच लिहिलेलं आहे, कारण मराठी अर्ज लिहिणारे आजूबाजूला चार जण बसतात आणि बाबूभाई त्यांना खिजगणतीत धरत नाहीत. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर जाळीची टोपी, खिशाला दोन पेन, त्यातलं एक नुसतं शोभेचं. बाप आठवडी बाजारात बांगड्या विकायचा. मुलगा दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झाला, आणि त्याच इंग्रजीवर त्यानं पुढे चाळीस वर्षं घर चालवलं.

हे इंग्रजी आलं कुठून तेही सांगून टाकतो. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर बाबूभाईंनी चंद्रपूरच्या बसस्टँडवरून एक जाडजूड गाइड आणलं. पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. वाळवीनं व्याकरण खाल्लं, निबंध खाल्ले, पत्रलेखन खाल्लं. मधला एकच भाग राहिला, तो म्हणजे इंग्रजीतले तीनशे वाक्प्रचार, अर्थासह. अल्लानं हेच आपल्यासाठी ठेवलं असं समजून बाबूभाईंनी ते तोंडपाठ केले. साहेबलोक शंभर साधी वाक्यं बोलून मध्ये एखादा वाक्प्रचार टाकतात. बाबूभाईंकडे साधं वाक्यच नव्हतं. दोन वाक्प्रचारांच्या मध्ये ‘सर’ आणि ‘काइंडली’ घालून ते जोडकाम करायचे. लोक भाजीत मीठ घालतात, यांनी मिठाचीच भाजी केली होती.

आणि नवल म्हणजे त्यांचे अर्ज चालायचे. त्याचं कारण साधं होतं. कचेरीतल्या ज्या कारकुनाला ते कळायचं नाही तो ‘मला कळलं नाही’ असं कबूल कसं करणार? तो मुकाट्यानं कागद वरच्या साहेबाकडे सरकवायचा. वरच्या साहेबाचीही तीच गत. मराठी अर्ज खालच्या टेबलावर धूळ खायचा आणि बाबूभाईंचा अर्ज न कळल्यामुळे थेट जिल्ह्याला पोचायचा. जिवतीपासून लोक यायचे आणि म्हणायचे, “भाऊ, मागच्या खेपेला चार टाकले होते, या खेपेला सहा टाका.”

एकदाच काय तो घोटाळा झाला. एका गावच्या बिघडलेल्या हातपंपासाठी त्यांनी ‘गाव अप इन आर्म्स आहे’ असं लिहिलं. गाइडमध्ये अर्थ होता ‘अत्यंत नाराज’. शब्द मात्र सांगतात की गावानं हत्यारं उचललीत. आता या जंगलातून सरकारला असं लेखी कळवायचं म्हणजे काय? दोन शिपाई आले आणि बाबूभाईंना दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसवून चहा पाजत राहिले. सुटल्यावर त्यांनी तो वाक्प्रचार डोक्यातून कायमचा खोडला. मग राहिले दोनशे नव्व्याण्णव.

आता मुरंगटोल्याकडे वळू. भामरागडच्या वाटेवर नदीपलीकडचं हे चाळीस घरांचं माडिया गाव. पावसाळ्यात नदी भरली की गाव आणि जग यांचा संबंध तुटतो. कोणी आजारी पडलं तर खाटेवर टाकायचं, चौघांनी खाटेचे चार पाय धरायचे आणि पाण्यातून पार न्यायचं. मागच्या श्रावणात सुकरीबाईची मुलगी बाळंतपणासाठी अशीच निघाली आणि मधल्या धारेत गेली. आता सुकरीची सून प्रिया गरोदर होती, आणि तिचेही दिवस श्रावणातच भरत होते. गावाला पावसाआधी इंजिनाची बोट हवी होती. नागपूरची एक संस्था अशा बोटी देते असं कळलं होतं, पण तिला अर्ज इंग्रजीत लागायचा. म्हणून एप्रिलमध्ये प्रियाचा नवरा दिनेश मोटरसायकलवर एटापल्लीला आला.

“भाऊ, बोट पायजे,” तो म्हणाला. “आजपर्यंत कोणाले लिवलं नसन असं लिवा.”

बाबूभाईंनी जीव ओतला. दीड पानात एकोणीस वाक्प्रचार बसवले. आयुष्यात एवढे एका कागदावर त्यांनी कधी खर्च केले नव्हते. दिनेश कागद डोळ्यांसमोर धरून खूश झाला, पण अंगठे लावायची वेळ आली तेव्हा डोकं खाजवायला लागला.

मुरंगटोल्याची एक रीत आहे. गावाच्या नावानं कागद जायचा असेल तर सगळं गाव गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, जमतं. एकेक वाक्य वाचलं जातं. त्या वाक्यातली गोष्ट ज्यानं डोळ्यांनी पाहिली असेल तो उभा राहतो. कोणीच उभं राहिलं नाही तर वाक्य खोडतात. ही रीत कधीपासूनची, ते कोणाला ठाऊक नाही, पण ती मोडल्याचंही कोणाच्या ऐकिवात नाही. आता इंग्रजी वाचणार कोण? तेव्हा बाबूभाईंनाच मोटरसायकलच्या मागे बसून जावं लागलं. त्या बाजूच्या गावांचे शेकडो अर्ज त्यांनी लिहिले होते. नदी मात्र पहिल्यांदाच पाहिली, आणि तेव्हा तिच्यात घोट्याएवढंच पाणी होतं.

गोटुलात सगळे बसले. मधोमध जंगू. हा गावचा गायता, म्हणजे पुजारीही आणि गावातला पहिला मानही त्याचाच. बाबूभाई वाचून मराठीत अर्थ सांगणार, दिनेश तो माडियात सांगणार, असं ठरलं.

पहिलं वाक्य होतं, मुरंगटोला नदीपलीकडे आहे. सगळं गाव उभं राहिलं. बाबूभाईंना वाटलं, अर्ध्या तासात आपण मोकळे.

दुसरं वाक्य होतं, आमचं दुःख टिप ऑफ द आइसबर्ग आहे. बाबूभाईंनी समजावलं की समुद्रात बर्फाचा डोंगर असतो, त्याचं शेंडीएवढं टोक वर दिसतं आणि बाकीचा डोंगर पाण्याखाली असतो. दिनेशनं सांगितलं. सगळे बसून राहिले.

“कोणं पायला?” जंगूनं विचारलं.

“असं कोणी पाहत नाई, भाऊ. ते नुसतं म्हणायचं असते.”

“बर्फ म्या पायला,” जंगू विचार करून म्हणाला. “एटापल्लीच्या बाजारात. मच्छीच्या पेटीत होता. डोंगर नव्हता.”

खोडलं. पुढे गावाची मागणी म्हणजे समुद्रातला थेंब असं वाक्य आलं. तिथे पवन नावाचा एक गडी उठायला लागला. तो कामासाठी विशाखापट्टणमला गेला होता. “समुद्र म्या पायला,” तो म्हणाला, “थेंब नाई पायला.” यावर तासभर वाद झाला. अर्धं पाहिलेल्यानं उभं राहायचं की नाही? शेवटी ठरलं की पवननं अर्धं उभं राहावं. बिचारा गुडघे वाकवून ओणवा उभा राहिला आणि त्याचे पाय थरथरायला लागल्यावर ते वाक्यही खोडलं गेलं.

खरी पंचाईत झाली दगडापाशी. ‘बोटीसाठी आम्ही एकही दगड उलथायचा ठेवणार नाही’ असं बाबूभाईंनी मोठ्या ऐटीत वाचलं. हा त्यांचा लाडका वाक्प्रचार, प्रत्येक अर्जात असायचाच. दिनेशनं तो सांगितला आणि सगळे जंगूकडे बघायला लागले. गावाबाहेर मेलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले दगड आहेत. मागच्या वर्षीचा सुकरीच्या मुलीचा दगड अजून नवा दिसतो.

“एक बी दगड हालनार नाई,” जंगू म्हणाला. “बोट नाई भेटली तरी चालन.”

“अहो, ते खरं करायचं नसते. म्हणायचं असते.”

“करायचं नसन तर म्हणू नको.”

 बाबूभाईंनी घाईघाईनं पुढचं वाचलं. आम्ही सारे एकाच बोटीत बसलेले आहोत. कोपऱ्यातून सुकरीबाई पहिल्यांदाच बोलली.

“बसलो असतो तर तुह्याकडं कायले आलो असतो, बावा?”

सगळं गोटूल हसलं. बाबूभाईही हसले, आणि हसता हसता त्यांना राग आला. दिवस कलला तोवर दीड पानात पहिलं वाक्य आणि तारीख एवढंच राहिलं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मंग तुमीच सांगा ना,” ते म्हणाले. “पायलेलं सांगा. मी लिवतो.”

सुकरी उठली. हात पदराला पुसत तिनं सांगितलं, “पाणी मानंपर्यंत होतं. पोरगी खाटेवर होती. मंधात खाट आडवी झाली. म्या तिचा हात धरला होता. हात सुटला.”

खाटेचे पाय धरणारे चौघे उभे राहिले. त्यांच्यात जंगूही होता. मग पलीकडच्या काठावरून पाहणारे उभे राहिले, आणि बघता बघता सगळं गाव उभं. बाबूभाईंनी पेन उघडलं आणि ते तसंच धरून बसले. त्यांना पाच वाक्यांपैकी एकाचंही इंग्रजी येत नव्हतं. ‘हात’ या शब्दावरचे अकरा वाक्प्रचार त्यांना पाठ होते, पण बाईच्या हातातून मुलीचा हात सुटला तर त्याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते वाळवीनं खाल्लेल्या पानांमध्ये होतं. चाळीस वर्षांत असं कोणी लिहायला सांगितलं नव्हतं, की सांगूनही यांनी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. त्यांना भयंकर लाज वाटली. शेवटी ‘वॉटर वॉज नेक. कॉट फेल. हँड वेंट. काइंडली गिव्ह बोट.’ असं काहीतरी जुळवून त्यांनी अंगठे घेतले आणि नाव खराब होईल या भीतीनं खाली स्वतःची सही केली नाही.

उत्तर मे महिना सरता सरता ईमेलनं आलं, त्याची प्रिंट काढून घेतली. ते वाचताना बाबूभाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अकरा वाक्यांत नऊ वाक्प्रचार. संस्था गावाबरोबर ‘ऑन द सेम पेज’ होती, प्रस्ताव ‘इन द पाइपलाइन’ होता, बोगद्याच्या टोकाला उजेड दिसत होता. दोन वाक्प्रचार तर त्यांच्या दोनशे नव्व्याण्णवांतही नव्हते. ते त्यांनी वहीत उतरवून घेतले. मग कागद घेऊन घरी गेले आणि बायकोला, खुर्शीदाला, सगळा अर्थासह वाचून दाखवला. ती गहू निवडत होती.

“ते सगळं बराबर आहे जी,” ती म्हणाली. “बोट देऊन राह्यले का नाई?”

बाबूभाईंनी पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. बोट देतो असं कुठे नव्हतं. देत नाही असंही नव्हतं.  एवढं सुरेख इंग्रजी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं आणि त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. आपणही लोकांना हेच विकत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या दुपारी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून मुरंगटोल्याला गेले. “बोट देऊन नाई राह्यले,” त्यांनी गोटुलात सांगून टाकलं. “आन् नाई देत असं बी म्हणून नाई राह्यले.” प्रिया दारापाशी बसली होती. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

जंगू शांतपणे म्हणाला, “वाचून दाखव. कागद आला तर रीत होऊन जाऊ दे.”

वाचलं. अकरा वाक्यांना एकही माणूस उठला नाही. पाइपलाइनपाशी दिनेशनं गावात पाइपच नाही अशी खात्री करून घेतली. बोगदा म्हणजे काय हे समजवायला बाबूभाईंना साळिंदराच्या बिळाचा दाखला द्यावा लागला. बिळाच्या टोकाला उजेड नसतो, साळिंदर असतं, असं तीन जणांनी उभं राहून सांगितलं. मग जंगूनं निकाल दिला. ज्यानं हे म्हटलं त्यानं येऊन उभं राहावं, नाहीतर वाक्यं परत न्यावीत. बाबूभाईंनी प्रत्येक वाक्यासमोर मराठीत ‘साक्षीदार नाही’ असं लिहिलं, खाली त्रेसष्ट अंगठे घेतले आणि पत्र रजिस्टर पोस्टानं नागपूरला परत धाडलं. या खेपेला त्यांनी खाली सहीसुद्धा केली.

संस्थेत म्हणे खळबळ उडाली. अर्ज परत करणं त्यांना ठाऊक होतं. उत्तर परत करणारं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. जूनच्या मध्यावर गुणवंतराव नावाचे साहेब गैरसमज दूर करायला आले. अंगानं भरदार, स्वभावानं गोड, आणि बोलणं असं की बाबूभाईंना वाटलं, आपला जुळा भाऊच सापडला. जीप अलीकडच्या काठावर ठेवून, बाबूभाईंना सोबत घेऊन, सकाळी गुडघाभर पाण्यातून ते गावात आले आणि गोटुलात दोन तास बोलले. बोटीचं कधी, असं दिनेशनं विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “वुई विल क्रॉस द ब्रिज व्हेन वुई कम टू इट.”

“काय म्हणून राह्यला?” जंगूनं विचारलं.

“म्हणते की पुलापाशी आलो की पूल पार करू.”

जंगूनं नदीकडे पाहिलं. “पूल कुठी आहे?” त्यानं अगदी खरं विचारलं. बाबूभाईंना साहेबांची कीव आली.

तेवढ्यात वरच्या अंगाला, छत्तीसगडकडे, पाऊस झाला. दुपारपर्यंत नदी चढली. दोन दिवस राहा, पाणी उतरेल, असं गावानं परोपरीनं सांगितलं. पण साहेबांची दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला मीटिंग होती आणि ती कोणत्याही परिस्थितीत चुकवता येत नव्हती. मग खाट काढली. जंगू, दिनेश आणि पवन यांनी तीन पाय धरले. चौथ्यासाठी जंगूनं बाबूभाईंकडे बोट केलं.

“मी? मी साठीचा माणूस.”

“मी सत्तरीचा. धर. मंग तुले लिवता येईन.”

सांगायला हरकत नाही, बाबूभाई ‘या अल्लाह’ म्हणत पाण्यात उतरले. गुणवंतराव बूट छातीशी धरून खाटेवर बसले होते आणि पहिली पंचवीस पावलं त्यांचं बोलणं चालू होतं. पाणी कमरेला आलं तेव्हा ते मराठीवर आले. छातीला आलं तेव्हा गप्प झाले. मधल्या धारेत दिनेशचा पाय घसरला आणि खाट कलली. बूट गेले. साहेबांनी दोन्ही हातांनी बाबूभाईंची टोपी केसांसकट पकडली. पाणी हनुवटीला लागत होतं, केस उपटून निघत होते, आणि बाबूभाईंच्या कानाशी तो भरदार माणूस बारीक आवाजात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, आई, आई. खाट सावरली. कशी सावरली ते चौघांपैकी कोणालाही सांगता आलेलं नाही.

काठावर पाचही जण चिखलात बसले.  मग जंगूनं साहेबांना विचारलं, “पायलं?”

“पाहिलं,” गुणवंतराव म्हणाले. आणि कोणी न सांगता ते अनवाणी उभे राहिले.

जीपमध्ये बसून त्यांनी तिथेच संस्थेला अहवाल लिहिला आणि पाठवण्याआधी बाबूभाईंना वाचायला दिला. इंग्रजीत चार साधी वाक्यं होती. पाणी माणसांच्या मानेपर्यंत होतं. खाट कलली. मी फार घाबरलो. बोट याच आठवड्यात पाठवा. बाबूभाईंना एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी ती चारही वाक्यं ओल्या बोटांनी वहीत उतरवून घेतली.

बोट आठवड्यात नाही, पण अकराव्या दिवशी आली. पिवळी, आठ माणसांची, इंजिन जरा कुरकुरणारं. पवनला ती चालवायला शिकवली, कारण समुद्र पाहिलेला तोच एक होता.

श्रावणात प्रियाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा नदी दुथडी भरली होती. बाबूभाईंना चार दिवसांनी रस्ता उघडल्यावर भामरागडच्या दवाखान्यात पोचता आलं. खुर्शीदानं मेथीचे लाडू दिले होते. प्रिया झोपली होती, शेजारी मुलगी झोपली होती, आणि सुकरीबाई खाली सतरंजीवर पाय पसरून बसली होती. संस्थेला आभाराचं पत्र लिहायचं बाबूभाईंनी ठरवलं होतं, साध्या इंग्रजीत, आणि पाहिलेलं तेवढंच. त्यांनी वही उघडली.

“बाई, तुमी बोटीत होत्या. पाणी किती होतं त्या दिवशी?”

सुकरीबाईनं आठवून पाहिलं.

“मले नाई मालूम,” ती म्हणाली. “म्या पाण्याकडं पायलंच नाई. म्या हिच्याकडं पाहून राह्यली होती.”

बाबूभाईंनी वही मिटली आणि लाडवांचा डबा तिच्यापुढे सरकवला.